‘पाडा!’ म्हणणारे अण्णा

"काकू, आहात का ओ? चार काड्या कढीपत्ता हवा होता."

"काड्या कशाला, अख्खी फांदी मोड. नाहीतरी कुंपणावरून तुझ्याच अंगणात वाकलीये. अण्णांच्या तेराव्याला जाऊन आलीस का?"

"आले की. अहो, काय ती माणसं! मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाटलं, इरिगेशनमधले जुने साहेब येतील, कॉलनीतली चार घरं येतील, झालं. तर निम्मा मांडव गवंड्यांनी भरलेला. प्लंबर, सेंटरिंगवाले, खडीचा डंपरवाला. एक जण तर विजापूरहून रात्रीच्या एसटीनं आलेला, बायको आणि नातू घेऊन."

"उंच, सावळा? डाव्या हाताला एक बोट कमी?"

"तोच! तुम्ही ओळखता?"

"अगं, त्याला अण्णांनी कामावरून जितक्या वेळा हाकललं तितक्या वेळा कोणाला नसेल हाकललं. सकाळी हाकलायचे, संध्याकाळी चहाला बोलवायचे. कटरमध्ये बोट गेलं त्याचं, तेव्हा अण्णांनी जीपमध्ये घातला आणि थेट मिरजेला नेला. ठेकेदार म्हणाला, माझा काय संबंध? अण्णांनी मस्टर उघडून पुढ्यात ठेवलं. ‘ही त्याची आजची हजेरी, ही खाली तुझी सही. आता सांग, काय संबंध ते.’ गुपचूप पैसे काढले मग."

"मला एकाच गोष्टीचं नवल वाटलं, काकू. जो तो एकच सांगत होता, अण्णांनी माझं अमुक पाडलं. कोणाचा कॉलम, कोणाची भिंत, कोणाचा अख्खा जिना. आणि सांगताना डोळे पुसतायत! मागं ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ गेले, तेव्हा सगळे म्हणाले, फार गोड माणूस, कधी कोणाला दुखावलं नाही. त्याच्यापुढं कोणाला काही आठवेचना. दहा मिनिटांत पांगले."

"अण्णा आणि गोड? त्यांच्या बायकोला, अक्कांना विचारायला हवं होतंस. साखर घातलेल्या चहाला सुद्धा नाव ठेवायचे. पण एक सांगते, पाडायला लावून कधी निघून गेले नाहीत. पाडताना तिथं, पुन्हा बांधताना तिथं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडू दिली नाही कोणाची. लोक ‘पाडा’ म्हणतात नि गाडीत बसतात. तो फरक बिगाऱ्याला बरोबर कळतो."

"आमच्या वरच्या खोलीचा स्लॅब टाकला ना, तेव्हाचं सांगू? अण्णा ऐंशीच्या पुढचे. आम्ही बोलावलंही नव्हतं. काठी टेकत आले, प्लॅस्टिकची खुर्ची मागितली आणि मिक्सरच्या समोर मांडून बसले. मी म्हटलं, अण्णा, धूळ उडतेय, सावलीत बसा. तर म्हणाले, ‘सावलीतून पाणी दिसत नाही.’ मला काही कळेना. थोड्या वेळानं बघते तर मिक्सरवाला पोरगा मुकादमाची पाठ वळली की डबाभर पाणी जास्त ओततोय. पाणी जास्त झालं की माल कसा पळतो, घमेल्यातून सरसर पडतो, ओढायला त्रास नाही. अण्णांनी काठी वर केली. काम थांबलं."

"पाडा म्हणाले?"

"नाही, तेवढ्यावर भागलं! तो माल मात्र स्लॅबवर जाऊ दिला नाही, खाली ओतायला लावला. मग त्या पोराला जवळ बोलावलं आणि खिशातून रुमाल काढला. म्हणाले, ‘हा रुमाल ओला केला की पसरतो, बरोबर? आणि वाळला की त्यातलं पाणी जातं कुठं?’ पोरगा म्हणाला, हवेत. ‘मग जिथं पाणी होतं तिथं काय राहिलं?’ पोरगं गप्प. ‘पोकळी राहिली. आता तुझा डबा मोज, आणि ह्या बाईंच्या डोक्यावर किती पोकळ्या ठेवल्यास ते सांग.’ तो पोरगा काल तेराव्याला वाढपी होता, काकू! आता स्वतः ठेके घेतो."

"तो रुमाल जुना आहे. म्हणजे रुमालाची सवय. कोयनेपासूनची."

"कोयनेला होते ना ते? तुम्हीही तिकडच्याच."

"माझे वडील स्टोअरला कारकून. धरणाचं काम 1954 ला सुरू झालं, अण्णा आले 1957 ला, ओव्हरसियरचा डिप्लोमा घेऊन, बिनलग्नाचे, आमच्याच चाळीत शेवटची खोली. माझा जन्म त्याच वर्षीचा, त्यामुळं मला जसं कळतंय तसे ते आहेतच. कोयनेचं धरण निव्वळ काँक्रीटचं नाही, रबल काँक्रीट म्हणतात त्याला. काँक्रीटच्या थरात मोठमोठे दगड बसवत जायचं. आता दगडाला माती असेल तर तो काँक्रीटला धरेल का? म्हणून प्रत्येक दगड धुऊन, भिजवून घ्यायचा. अण्णा पांढरा रुमाल घेऊन उभे. दगडावरून फिरवायचे. रुमाल मळला, दगड परत. एकशे तीन मीटर उंच धरण, आठशे मीटरच्या वर लांब, आणि हा माणूस रुमाल फिरवतोय! मजूर हसायचे. दगडपुसे अण्णा म्हणायचे. लग्न होऊन अक्का आल्या, तर पहिल्या आठवड्यात त्यांनी आईला विचारलं होतं, ह्यांना सर्दी आहे का हो कायमची? इतके रुमाल मळतात!"

"अगं बाई!"

"हस, हस. मग भूकंप झाला."

"ते 67 चं ना? आमच्या सासूबाई सांगायच्या, कऱ्हाडात सुद्धा भांडी पडली होती."

"अकरा डिसेंबर. पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. मी दहा वर्षांची. आधी आवाज आला, जमिनीखालून ट्रक जावा तसा, आणि मग काय झालं ते मला सांगता येत नाही. आईनं मला फरफटत बाहेर काढलं एवढं आठवतं. कोयनानगरातली बहुतेक घरं बसली. एकशे ऐंशीच्या आसपास माणसं गेली त्या पट्ट्यात. थंडी अशी की दात वाजतायत, दिवे गेलेले, आणि कोणीतरी ओरडलं, धरण फुटलं! अगं, पानशेत फुटून पुणं बुडालं त्याला पुरती साडेसहा वर्षं झाली नव्हती, 12 जुलै 1961. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं तेच. सगळे डोंगराकडं पळत सुटले. आम्हीही."

"आणि अण्णा?"

"अण्णा चाळीच्या तोंडाशी उभे, अंगात गंजीफ्रॉक, वर घोंगडी, हातात बॅटरी, आणि काय करतायत? मस्टर वाचतायत! म्हणजे वही पण नव्हती हातात, ती कुठं ढिगाऱ्यात होती. तोंडपाठ. दुरुस्तीच्या गँगमधलं एकेक नाव, बापाच्या नावासकट, मोठ्यानं पुकारतायत. अंधारातून आवाज येतोय, हजर. पुढचं नाव. हजर. जिथं हजर आलं नाही तिथं चार माणसं पाठवून ढिगारा उपसायचा. माझे वडील सांगायचे, बाकी सगळीकडं आरडाओरडा चालला होता आणि त्या एका कोपऱ्यात शाळेसारखी हजेरी. त्या गँगमधली तीन माणसं त्या हजेरीनं जिवंत निघाली."

"मला कोणी हे सांगितलंच नाही, काकू. इतकी वर्षं शेजारी राहून."

"ते स्वतः कशाला सांगतील? चौथं नाव जिवंत निघालं नाही. अण्णा मात्र दर वर्षी 11 डिसेंबरला त्याच्या घरी मनीऑर्डर करायचे. हे मला अक्कांनी सांगितलं, आणि तू कुठं बोलू नकोस."

"नाही हो. आणि धरण?"

"धरण उभं राहिलं. तडे गेले, वरच्या भागात, जिथं धरणाचा उतार बदलतो ना तिथं, मागच्या अंगाला पाणीही पाझरलं. पुढं मागून काँक्रीटचे टेकू देऊन पक्कं केलं सरकारनं. पण उभं राहिलं. त्याआधी म्हणे आपला हा दख्खनचा दगड हलायचाच नाही असंच सगळे मानत. पाणी साठवायला लागल्यापासून, 62 पासूनच, बारीक धक्के जाणवायचे, पण एवढा मोठा येईल असं कोणाच्या मनात नव्हतं. पुढं जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेला यायला लागले. कोणी अण्णांपुढं धरणाचं कौतुक केलं की एकच वाक्य, ‘दगड धुतलेले होते.’ आणि तड्यांचं काढलं की उठून बागेला पाणी घालायला जायचे. त्या तड्यांची चूक दगड बसवणाऱ्यांची नव्हती, सगळे अहवाल झाले, तरी मनाला लावून घेतलं ते घेतलंच."

"म्हणून आमच्या भिंतीला केसाएवढी भेग पडली तरी चष्मा लावून बघायचे! प्लॅस्टरची आहे म्हटलं तरी नाही. पेन्सिलीनं दोन टोकांना रेघ मारून, शेजारी तारीख लिहून जायचे. महिन्यानं परत यायचे, पुढं गेली का बघायला. ह्यांनी मागल्या दिवाळीत रंग काढला तर म्हणे, तारखा ठेवा, त्याच्यावर रंग मारू नका."

"मग?"

"मारला नाही! हॉलमध्ये सोफ्याच्या मागं अजून आहेत अण्णांच्या अक्षरात तारखा. पाहुणे विचारतात, पोरांची उंची मोजली का म्हणून."

"सोफा सरकवू नको बाई तो."

"काकू, पण एक विचारू? रागावू नका. ते एवढे कडक, तर कधी कुठं ढिले पडले असतील की नाही? काल एक म्हातारबाबा सांगत होते, दुष्काळाच्या कामावर अण्णा देवमाणूस होते. आणि बाजूचा म्हातारा म्हणे, कसला देवमाणूस, माझा खडीचा ढीग उकरला होता."

"दोघंही खरं बोलले. बहात्तरच्या दुष्काळात अण्णांची बदली माण-खटावकडं झाली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, आणि माणसांना काम पाहिजे म्हणून खडी फोडणं. खडी ब्रासवर मोजायची, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. आता टोळीचे मुकादम काय करायचे, खाली मोठे दगड रचायचे आणि वरून बारीक खडी पसरायची. दिसायला ढीग मोठा. अण्णा काठी खुपसायचे. काठी अडली की, पाडा! तो म्हातारा त्यातलाच असणार. पण त्याच रांगेत बायका असायच्या, काही एकट्या, पोर काखेला, हाताला फोड आलेले. दिवसभर फोडून काय ढीग होणार? घरी मिलो शिजवायचा, तो लाल अमेरिकन जोंधळा, जनावरं सुद्धा तोंड फिरवायची त्याला. पोरांना सुकडी मिळायची कामावर. तर तिथं अण्णांचा टेप ढिला पडायचा."

"म्हणजे मापात खोटं?"

"खोटं कशाला म्हणतेस? टेप ढिला. वाऱ्यानं पोट धरतो टेप कधीकधी. दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं. अक्का म्हणायच्या, घरी आले की त्या दिवशी जेवायचे नाहीत नीट. हिशेबाचा माणूस ना. एकदा वरचे साहेब तपासणीला आले आणि विचारलं, हा ढीग कमी दिसतोय. अण्णा म्हणाले, ‘साहेब, खडी दबते उन्हानं.’"

"उन्हानं खडी दबते?"

"साहेबांनी पण एवढंच विचारलं. आणि मग सही केली. साहेब सुद्धा माणदेशातलेच होते."

"काय एकेक! आणि ते तुपाच्या डब्यांचं खरं का? काल वाढताना बायकांत चाललं होतं."

"मोठीच्या लग्नाचं. एका ठेकेदारानं दहा डबे साजूक तूप पाठवलं, सोबत कार्ड. अण्णा साइटवर. अक्का एकट्या घरात. परत पाठवावं तर टेम्पो गेलेला, ठेवावं तर हे घरात घेणार नाहीत. संध्याकाळी अण्णा आले, डबे बघितले, एक शब्द बोलले नाहीत. रिक्षा बोलावली आणि सगळे डबे मजुरांच्या झोपड्यांवर. तिथं पोळ्या झाल्या पुरणाच्या. आणि ठेकेदाराला पावती पाठवली! ‘मजुरांच्या जेवणासाठी दिलेलं तूप, नग दहा, मिळालं.’ खाली मुकादमाचा अंगठा. त्याला काही बोलता येईना."

"आणि अक्कांना वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. अगं, लग्नाचा खर्च, घरात आणा-पै नाही, आणि डोळ्यांदेखत दहा डबे चालले. चार दिवस बोलल्या नाहीत. अक्कांची मला नेहमी दया यायची. देवघराशेजारी विश्वेश्वरय्यांचा फोटो लावलेला, 15 सप्टेंबरला त्याला हार. अक्का म्हणायच्या, त्या फोटोच्या वाटचं एकदा तरी माझ्याकडं बघा. बदल्या, बिऱ्हाडं, पोरांच्या शाळा, सगळं ह्या बाईनं ओढलं. आणि अण्णांचं स्वतःचं घर बघितलंस ना? बाहेरून गिलावा अजून अर्धा आहे."

"ते मला विचारायचंच होतं. सगळ्या गावाची घरं सरळ केली आणि स्वतःचं असं का?"

"पैसे संपले, दुसरं काय. फंडाचे पैसे आले तेव्हा जागा घेतली, पाया भरला. आपल्याकडं ही काळी माती, उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते, म्हणून पाया जरा जास्तच खोल नेला आणि निम्मे पैसे जमिनीत गेले. लोक म्हणाले, अण्णा, जमिनीखाली कोण बघतंय? तर म्हणाले, ‘जमीन बघते.’ पण त्या घरातला ओटा बघ कधी स्वयंपाकघरातला. आपले ओटे गवंडी ठोकून देतो एका मापाचे, बरोबर? मी पाठदुखीनं मेले. अक्का बुटक्या. अण्णांनी त्यांना उभं केलं, कणिक मळायला लावली परातीत, स्टुलावर विटा रचून. एक वीट काढ, एक ठेव. कोपराखाली चार बोटं राहिली तेव्हा खूण केली भिंतीला. तेवढाच ओटा. त्या घरात आलेल्या सगळ्या सुना कमरेत वाकतात, आणि कुरकुरतात. अक्का हसायच्या."

"म्हणजे बघितलं म्हणायचं अक्कांकडं."

"एकदा तरी."

"काकू, कावळ्याचं कळलं का तुम्हाला?"

"नाही! दहाव्याला माझं बीपी वाढलेलं, गेले नाही संगमावर. शिवला ना?"

"शिवेना! प्रीतिसंगमावर एरवी कावळ्यांचा सुळसुळाट, आणि त्या दिवशी काठीवर बसलेत, पिंडाकडं बघतायत, पण खाली यायला तयार नाहीत. मुलगा म्हणाला, अक्कांचं श्राद्ध नीट करीन. नाही. घराचा गिलावा पूर्ण करतो. नाही. धाकटी म्हणाली, आम्ही भावंडं भांडणार नाही. कावळ्यानं मानच फिरवली!"

"त्याला खरं वाटलं नसेल."

"शेवटी तो विजापूरवाला पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, ‘अण्णा, देसाई गल्लीतल्या स्लॅबला पाणी मारलंय. सकाळी पण मारतो.’ म्हणजे तो आदल्या दिवशीच आला होता, आणि इथं शेजारच्या गल्लीत कोणाचा तरी स्लॅब पडलाय, तिथं आपण होऊन पाणी मारून आला होता! झटकन शिवला कावळा."

"खरं सांगतेस?"

"ह्यांच्या डोळ्यांदेखत. भटजी सुद्धा हसले."

"मग शिवणारच. पाण्याचा नाद त्यांना. ‘सिमेंट वाळून घट्ट होत नाही बाळांनो, पाणी पिऊन घट्ट होतं.’ कितीदा ऐकलंय. कोणाचा स्लॅब पडला की सहाला तिथं हजर. गच्चीवर मातीचे वाफे घालायला लावायचे, पाणी त्यात तुंबून राहिलं पाहिजे. पुस्तकात सात दिवस, हल्लीच्या राखेच्या सिमेंटला दहा, अण्णांचे चौदाच्या खाली नाही. म्हणायचे, नवा स्लॅब म्हणजे बाळंतीण, तिला उन्हात सोडू नका. एकदा उन्हाळ्यात नगरपालिकेचं पाणी एक दिवसाआड, अक्कांनी मला हाक मारून इथून, ह्याच कुंपणावरून सांगितलं, ‘ऐकलंत का, आमच्याकडं आंघोळीला अर्धी बादली आणि कोणाच्यातरी गच्चीला टँकर!’"

"आमच्या वेळी तेच. मी राखीला माहेरी गेलेले, ह्यांना बजावून गेले होते सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. हे विसरले. दोन दिवसांनी परत आले तर गच्चीवर वाफे भरलेले. मी म्हटलं, वा! तर हे खाली बघतायत. अण्णा जिन्यावरून पाइप ओढत वर गेले होते, त्या वयात. आणि वर टेकूंना खडूनं लिहून ठेवलेलं, ‘काढू नये’, खाली तारीख आणि सही. गाळा पंधरा फुटांच्या वर होता, त्यामुळं चौदा दिवसांच्या आत सेंटरिंगवाल्याला हात लावू दिला नाही. तो बिचारा फळ्या दुसरीकडं न्यायच्या म्हणून रडकुंडीला आलेला."

"आता कोण बघणार गं? माझ्या मोरीच्या भिंतीला ओल येतेय. त्यांना दाखवायची दाखवायची म्हणत राहिली."

"नात आहे की! ती नाही का, पुण्यात मेट्रोच्या कामावर. काल आली होती. मांडव घातला होता ना, तर सगळ्यांच्या आधी मांडवाचे वासे हलवून बघितले तिनं. मांडववाल्याला म्हणाली, हे दोन परत रोवा."

"आजोबाच!"

"आणि तिचं स्थळ मोडल्याचं कळलं का तुम्हाला?"

"काय सांगतेस! साताऱ्याचं होतं ना? चांगलं घर होतं म्हणे, नवा बंगला."

"तोच बंगला नडला. बघायला ही मंडळी त्यांच्याकडं गेली होती, घर बघायला म्हणून. मुलाची आई विचारतेय, स्वयंपाक येतो का, आणि ही वर छताकडं बघतेय. मग उठली, खिशातून किल्ल्या काढल्या आणि जिन्याखालच्या कॉलमवर टकटक केलं."

"अगं देवा!"

"म्हणाली, ‘काकू, हा आत पोकळ आहे. ह्याच्याखाली देवघर ठेवू नका.’"

"मग?"

"मग काय, पोहे न खाताच उठावं लागलं ह्या मंडळींना. पण पुढचं ऐका ना. मुलाच्या बापानं गुपचूप माणूस बोलावून तो कॉलम तपासून घेतला. पोकळ निघाला! आणि आता त्यांच्याकडून परत निरोप आलाय."

"मुलगी पसंत म्हणून?"

"मुलगी पसंत म्हणून का कॉलम दुरुस्तीसाठी, ते अजून कोणाला नीट कळलेलं नाही. थांबा, तुमचा कुकर तिसरी शिट्टी देतोय."

"देऊ दे. मुलगी काय म्हणाली ते सांग आधी."